घरातल्या घरात : तिच्या बाळंतपणाची सोय

तुमच्या पत्रांत बहुधा तांदळातले सोंडे, लोणच्यावर आलेली बुरशी, नाही तर मोरीतली झुरळं यांच्या तक्रारी असतात. या खेपेला मात्र एक पत्र मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ते आलंय अमेरिकेतून, टेक्सासमधल्या डॅलसजवळून. लिहिणारीचं माहेर सांगलीचं, तिकडे संसार मांडून पंधरा वर्षं झाली. ती लिहिते :

"ताई, माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या काकाने वाढदिवसाला कॅमेलिऑन आणून दिली आहे. मादी आहे, पाच महिन्यांची. दुकानदाराने बरोबर काचेची पेटी, एक दिवा आणि पाण्याची वाटी दिली. मुलगा दोन दिवस नाचला, आता त्याची शाळा आणि फुटबॉल. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. ती दिवसभर काचेला नखं घासते. वाटीतल्या पाण्याला तोंड लावत नाही. त्यात पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत, त्यांना सरड्याची भयंकर किळस. ही पेटी कुठे ठेवू, काय करू? हसू नका हं."

नाही हसत. का, ते आधी सांगते.

२०१८ च्या डिसेंबरात मी लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते. मोठ्या नातवाच्या खोलीत अशीच एक काचेची पेटी होती आणि तिच्यात अशीच एक हिरवी कॅमेलिऑन. मी लांबूनच नमस्कार केला होता. घरात ओली बाळंतीण, माझे हात डिंकाच्या लाडवांत आणि अळिवाच्या खिरीत. जानेवारीत एक दिवस नातू म्हणाला, "आजी, ती खाली उतरून सारखी काच खरवडतेय." आम्हाला वाटलं, भूक लागली असेल. आणखी किडे घातले. तिने तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती भरदुपारी डोळे मिटून तळाशी बसली. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी क्ष-किरण फोटो काढला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. पन्नासच्या वर अंडी होती. ती खरवडत होती ती जागेसाठी, आणि पेटीच्या तळाला होती हिरवी सतरंजी. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"पण तिला नवरा कुठे होता?" असं मीही विचारलं होतं. दुकानदारानेही तेच सांगून पाठवलं होतं, एकटी आहे, काही काळजी नाही. डॉक्टर म्हणाले, कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागतो का? एवढी वर्षं डझनाने अंडी आणणाऱ्या बाईला हे दुसऱ्या कुणी सांगावं लागलं! या जातीच्या मादीचं तसंच असतं. नर भेटो न भेटो, वयात आली की अंडी धरणारच. ती निर्जीव असतात, त्यातून पिल्लं निघत नाहीत, पण ती पोटातून बाहेर तर यायला हवीत. त्यासाठी तिला ओली, खोल, खणता येईल अशी जमीन लागते. ती मिळाली नाही की अंडी अडतात आणि जीव जातो.

म्हणून डॅलसच्या मैत्रिणीला मी म्हणेन, पेटी कुठे ठेवू हा प्रश्न नंतरचा. तिला बाळंत व्हायला जागा आहे का, हा पहिला. बाकीचा पिंजरा त्या जागेभोवती उभा करायचा. पुढच्या वर्षी लेकीने दुसरी मादी आणली तेव्हा आम्ही तसंच केलं. मधल्या काळात लेकीने डॉक्टरांना विचारून, वाचून, चुकत-शिकत जे जमवलं, तेच आज सांगते.

आणि सातारा-सोलापूरच्या मैत्रिणींनो, "आम्हाला काय त्याचं?" म्हणून पान उलटू नका. शेवटी तुमच्याही अंगणातली एक गोष्ट आहे.

आधी ओळख पटवा

तिकडच्या दुकानांत सर्रास मिळते ती जात म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन. मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली. आपल्या घोयऱ्याच्याच कुळातली. डोक्यावर पगडीसारखा उंचवटा, दोन डोळे दोन दिशांना, पाय चिमट्यासारखे. नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून एक बारीक काटा असतो, मादीला नसतो. नर दीड फुटाच्या वर जातो, मादी शेपटीसकट साधारण फूटभराची. ती साधारण ५ वर्षं जगते, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून अंडी धरू शकते. पत्रातली मादी पाच महिन्यांची आहे. म्हणजे वेळ फार नाही.

पिंजरा

काचेची पेटी काढा. तिच्यात हवा कोंडते, सतत दमट राहून छातीचे विकार होतात. शिवाय काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि दुसरी कॅमेलिऑन आली असं वाटून ती दिवसभर धास्तावते. या जातीला शेजारीण खपत नाही. दोघींना एका पिंजऱ्यात कधी ठेवू नये.

जाळीचा पिंजरा घ्या. ॲल्युमिनियमची चौकट आणि बारीक जाळी, आपल्याकडे दुधा-तुपाचं जाळीचं कपाट असायचं ना, तसा. २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच असला तर उत्तम. जागेची अडचण असेल तर मादीला दीड फूट बाय दीड फूट, उंची ३ फूट चालतो. त्याहून लहान नको. ही झाडावर राहणारी आहे, तेव्हा लांबीपेक्षा उंची महत्त्वाची.

पिंजरा जमिनीवर ठेवू नका. मजबूत टेबलावर ठेवा, म्हणजे तिची वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल. उंचावरून खाली बघणारी कॅमेलिऑन निश्चिंत असते. एक-दोन बाजू भिंतीला लागून असाव्यात. येण्याजाण्याची वाट, टीव्ही, कुत्रं, छताचा पंखा यांच्यापासून दूर ठेवा. डॅलसला उन्हाळाभर वातानुकूलन चालू असतं, तेव्हा गार हवेच्या झोताखाली तर मुळीच नको.

टेबल मजबूत म्हणाले ते उगीच नाही. पुढे सांगते तो वाळूचा टब जड असतो. घनफूटभर ओली वाळू ५० किलोच्या आसपास भरते. टब आधी जागेवर ठेवा आणि मग त्यात तांब्या-तांब्याने वाळू घाला. भरलेला टब उचलायला गेलात तर कंबर धरेल. पिंजऱ्याचा तळ पातळ असेल तर खाली फळी टाका.

झाडं आणि फांद्या

रिकाम्या पिंजऱ्यात ती उघडी पडते. आपल्याला लपता येतं एवढं कळलं तरी ती शांत होते. मनीप्लांट, जास्वंद, शेफलेरा, लहान पानांचा फायकस अशा कुंड्या ठेवा. ही जात पानंही खाते, जास्वंदीची पानं-फुलं तर आवडीने. म्हणून झाड खरंच हवं, प्लॅस्टिकचं नको. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं, त्याचं पान न् पान धुऊन घ्या.

फांद्या आडव्या-तिरप्या बांधा, काही तिच्या बोटाएवढ्या बारीक, काही अंगठ्याएवढ्या. वरपासून तळापर्यंत जिना झाला पाहिजे, आणि त्या जिन्याचं शेवटचं टोक वाळूच्या टबात उतरलं पाहिजे. हे विसरू नका. टब ठेवला आणि वाट ठेवली नाही, तर ती जाळीवरून घसरत उतरते आणि नखं दुखावून घेते.

ऊब आणि उजेड

दोन वेगळे दिवे लागतात. एक ऊब देणारा साधा गोल दिवा, आणि दुसरी यूव्हीबी किरणं देणारी लांब नळी.

ऊब देणारा दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, वरच्या जाळीवर. त्याच्याखालची फांदी ८ ते १० इंच खाली. फांदीवर तापमापक ठेवून बघा. मादीसाठी २७ ते २९ अंश सेल्सिअस, म्हणजे तुमच्याकडचे ८० ते ८५ फॅरनहाइट पुरे. नराला थोडी जास्त ऊब चालते, मादीला देऊ नये. जास्त ऊब आणि जास्त खाणं मिळालं की ती जास्त अंडी धरते. दिवा फार जवळ असेल तर पाठ भाजते, आणि भाजेपर्यंत ती हलतही नाही. पिंजऱ्याचा खालचा भाग २२ ते २५ अंशांवर राहू द्या. रात्री सगळे दिवे बंद, लाल दिवासुद्धा नको. रात्री १८ अंशांपर्यंत उतरलं तरी तिला सोसतं, किंबहुना मानवतं.

यूव्हीबी नळीविना अंगात कॅल्शियम मुरत नाही, आणि कॅल्शियम नसेल तर अंडी बाहेर ढकलायला ताकद कुठून येणार? लांब टी-५ नळी घ्या, तिच्यावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेली. ती दिवसाला १२ तास लावा. उजेड दिसत असला तरी किरणं हळूहळू कमी होतात, म्हणून वर्षाने नळी बदला. "खिडकीत ऊन येतं की!" असं म्हणू नका. खिडकीची काच ही किरणं अडवते.

पाणी

वाटीला ती तोंड लावत नाही, कारण साचलेलं पाणी तिला पाणी वाटतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब तेवढा तिला ओळखू येतो. पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर पानांवर बारीक फवारा मारा. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा असतो तसला, पण नवा, साबण-स्टार्च न लागलेला.

दिवसा थेंबाची सोय घरच्या घरी होते. प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला सुईने भोक पाडा, पाणी भरा आणि पिंजऱ्याच्या छतावर ठेवा. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र असतं ना, अगदी तसं. खाली कुंडी किंवा ताटली ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. दिवसा पिंजरा सुकला पाहिजे, रात्री दमट असावा. पाणी पुरतंय की नाही ते विष्ठेवरून कळतं. तिच्यातला पांढरा भाग पांढराच असावा. तो पिवळा-नारिंगी दिसू लागला तर पाणी कमी पडतंय.

खाणं

हा भाग शाकाहारी घरांना जड जातो, हे मी जाणते. तिला जिवंत किडे लागतात. तिकडे रातकिडे, डुबिया नावाची झुरळं, रेशमाच्या अळ्या डब्यांतून विकत मिळतात. लेकीच्या घरी ऐन श्रावणात गॅरेजमध्ये रातकिड्यांचा डबा असायचा. किड्याचा आकार तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. आदल्या दिवशी किड्यांना गाजर, पालेभाजी खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असेल तेच तिला पोचतं.

किडे देताना बिनडी-३ कॅल्शियमची पूड भुरभुरवा, अनारशाला खसखस लावतो तेवढीच, पिठात घोळल्यासारखी नव्हे. पंधरा दिवसांतून एकदा डी-३ असलेली जीवनसत्त्वांची पूड द्या. वाढीच्या वयात रोज खाऊ द्या. वाढ पूर्ण होत आली की दिवसाआड ३-४ किडे पुरे. आपला जीव तुटतो, "एवढंच?" वाटतं. पण भरपूर खाणाऱ्या मादीला ७०-८० अंडीही होतात, आणि बेतानं खाणारीला २०-३० होतात. प्रत्येक बाळंतपणात तिच्या हाडांतलं कॅल्शियम जातं. कमी अंडी म्हणजे जास्त आयुष्य.

वाळूचा टब

आता मुख्य गोष्ट. प्लॅस्टिकचा अपारदर्शक टब घ्या, निदान १ फूट लांब आणि १ फूट रुंद, आणि त्यात फूटभर उंच वाळू. मुलांच्या वाळूच्या खेळासाठी तिकडे धुतलेली बारीक वाळू पोत्यातून मिळते, ती चालते. बागेतली खत घातलेली माती नको, खडी नको.

वाळू किती ओली करायची? पोहे भिजवताना जो अंदाज लागतो तोच इथे. मूठभर वाळूचा मुटका वळा. तो वळला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. मग टबात बोट खुपसून बाहेर काढा. भोक तसंच उभं राहिलं तर बेत जमला. ढासळलं तर पाणी कमी आहे. तळाशी पाणी साचलं तर जास्त झालं. तिला या वाळूत बोगदा खणायचा असतो. छप्पर अंगावर कोसळलं की ती काम टाकून देते.

हा टब चौथ्या महिन्यापासून कायमचा पिंजऱ्यात असू द्या. "लक्षणं दिसली की ठेवू" असं ठरवलंत तर आम्ही चुकलो तसंच चुकाल. दर आठवड्याला बोट घालून ओल तपासा.

वेळ आली की

"सरड्यासारखा रंग बदलतो" हे आपण माणसांना हिणवून म्हणतो. पण हिचा रंग म्हणजे हिचं बोलणं. पोटात अंडी धरली की हिरवा रंग गडद, काळपट होतो आणि त्यावर पिवळे-निळे ठिपके उठून दिसतात. पोट दोन्ही बाजूंनी भरतं, कधी कधी अंड्यांचे उंचवटेही दिसतात. मग एक दिवस ती खाणं सोडते, वरची फांदी सोडून खाली येते, तळाशी येरझाऱ्या घालते, कुंडीतली माती उकरून बघते.

अशा वेळी आपण एकच करायचं. तिच्याकडे बघायचं नाही. पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनं लुगडं किंवा चादर गुंडाळा. कुणी बघतंय असं दिसलं की ती अर्धवट खणलेला खड्डा सोडून देते, आणि दोन-तीनदा असं झालं की अंडी अडतात. जुन्या घरांतली बाळंतिणीची खोली अंधारी का असायची, ते मला न्यू जर्सीत कळलं म्हणा! मुलाला समजावून सांगा, त्याच्या मित्रांना तर दारही उघडू देऊ नका. फवारा मात्र चालू ठेवा.

खणण्यात एक दिवस जातो, कधी रात्रही जाते. ती अख्खी आत जाते, अंडी घालते, मग मागच्या पायांनी वाळू ओढून खड्डा बुजवते आणि वरून थापून सपाट करते. वर आली की अंग वाळूने माखलेलं, पोट खपाटीला. तेव्हा भरपूर वेळ पाणी द्या आणि चार-पाच दिवस कॅल्शियम लावलेलं पोटभर खाणं द्या. हे तिचे डिंकाचे लाडू. दोन दिवसांनी वाळू उकरून अंडी मोजून काढून टाका. नर भेटलेला नसेल तर त्यातून काही येणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा, नाही तर तो ती कापसात गुंडाळून ठेवेल. असं वर्षातून दोन-तीनदाही होऊ शकतं.

लेकीच्या दुसऱ्या मादीने पहिल्या खेपेला ३८ अंडी घातली. नातवाने मला फोन केला तेव्हा पुण्यात पहाटेचे चार वाजले होते. "आजी, सुटली!" एवढंच म्हणाला. ती २०२३ पर्यंत राहिली.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

दिवसा डोळे मिटून बसणं. डोळे आत गेलेले. पकड सैल होणं, फांदीवरून पडणं. पोट भरलेलं असून तळाशी निपचित बसणं. दोन दिवस खणाखण करूनही अंडी न घालणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांना गाठा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हे बघत नाहीत, म्हणून नाव आणि फोन आजच शोधून फ्रीजवर चिकटवून ठेवा. वेळेत नेलं तर कॅल्शियम आणि इंजेक्शनांनी अंडी उतरवता येतात, नाही तर शस्त्रक्रिया करता येते. आम्ही रविवार आहे म्हणून एक दिवस थांबलो होतो.

घरच्यांसाठी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांनी माणसाला जुलाब-ताप होतो. तिला, पिंजऱ्याला, वाळूला हात लावला की साबणाने हात धुवायचे. तिची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात ५ वर्षांखालचं मूल असेल तर असा प्राणी आणूच नये असं तिकडचे आरोग्याधिकारी सांगतात. आमच्याकडे तान्हं बाळ होतं, म्हणून पिंजऱ्याची खोली वेगळी आणि पिंजऱ्याचं काम करणाराही वेगळा ठेवला होता. आणि ती हातात घेऊन खेळवायची वस्तू नाही. ती बघायची, मांडीवर घ्यायची नाही. हे मुलाला पटत नसेल, तर जाणत्या पाळणाऱ्याला किंवा प्राण्यांच्या आसरागृहात देऊन टाका. बाहेर मात्र सोडू नका. फ्लोरिडात असे सुटलेले कॅमेलिऑन रानात वाढून बसले आहेत, आणि टेक्सासच्या थंडीत तर ती बिचारी मरेल.

आता आपल्या अंगणातली गोष्ट

हे वाचून कुणाच्या मुलाने शेतातला घोयरा धरून आणला, तर आधी त्याला परत झाडावर सोडायला लावा. आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. तेव्हा "गुपचूप आणून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण एवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवलं नव्हतं. घोयऱ्याबद्दल आपल्याकडे भलभलते समज आहेत. तो विषारी आहे, दृष्ट लावतो, घरात आला तर अशुभ. यातलं काही खरं नाही. त्याला विष नसतं. तो हळू चालतो, डुलत डुलत, आणि म्हणून पोरांच्या दगडाखाली सापडतो. झाड सोडून घोयरा जमिनीवर येतो कधी? एक तर दुसऱ्या झाडाकडे जाताना, नाही तर मादी असेल तर अंडी घालायला. तीही भुसभुशीत माती शोधत असते. परसात जड पोटाची एखादी अशी दिसली तर केरसुणी उचलू नका. मुलांना आत घ्या, कुत्रं बांधा आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. रस्त्यात असेल तर लांब काठी पुढे करा, ती स्वतःच धरते. ज्या बाजूला तोंड असेल त्या बाजूच्या कुंपणाशी ठेवून द्या. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

राहिल्या सासूबाई. बाई गं, त्यांना सरड्याची किळस असेल, पण त्यांनी किती बाळंतपणं काढली असतील! पिंजरा मुलाच्या खोलीत ठेवा, आणि त्या आल्या की एवढंच सांगा, घरात एक अवघडलेली आहे, तिला त्रास होऊ नये म्हणून दार लोटलेलं आहे. पुढचं त्या आपणहून विचारतील. माझ्या विहीणबाईंनी विचारलं होतं. शेवटी वाळूतली ओल तपासायला त्याच जायच्या.

जाळीचा पिंजरा मागवून यायला आठवडा लागेल, नळी यायला चार दिवस लागतील. तोवर थोडं चालेल. वाळूचा टब मात्र आज संध्याकाळी ठेवा, आहे त्या काचेच्या पेटीत ठेवा. ती नखं घासतेय म्हणालात ना, ती कशासाठी हे आता तुम्हाला ठाऊक आहे. काय झालं ते कळवा.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात पापड-सांडग्यांचे डबे कोरडे कसे ठेवावेत.